अर्धा दिवस नाशकात: सीतागुंफा, पांडवलेणी की सिन्नरचा गोंदेश्वर?

सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे फोन सुरू होतात. कोल्हापूरची आत्या, ठाण्याचा मेहुणा, बायकोच्या ऑफिसातल्या मॅडम. प्रश्न ठरलेला: "त्र्यंबक आणि शिर्डीच्या मध्ये अर्धा दिवस उरतोय, नाशकात काय बघू?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य: "सीतागुंफा तर बघायचीच आहे."

नाशकात राहणाऱ्या माणसाला हा अर्धा दिवस चांगलाच ठाऊक असतो. पाहुण्यांना फिरवून फिरवून मी सीतागुंफा इतक्या वेळा पाहिली आहे की बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तो कशासाठी आला होता ते ओळखतो. दहातले सहा-सात जण हिरमुसलेले असतात. त्यांनी ठिकाण चुकीचं निवडलेलं असतंच असं नाही. पण तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. ते इथे सांगतो. त्यात पांडवलेणीलाही सोडणार नाही, कारण तिथूनही लोक तोंड पाडून उतरताना पाहिलेत. तिसरं नाव मी माझ्या पदरचं घालतोय, सिन्नरच्या गोंदेश्वराचं. ते कुणीच विचारत नाही.

सीतागुंफा

पंचवटी म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतलं चित्र असतं. गोदेचा काठ, पाच वड, पर्णकुटी, लांबवर पळणारं सोनेरी हरीण. रिक्षावाला उतरवतो ती मात्र गर्दीची गल्ली. दोन्ही बाजूंना रुद्राक्षांच्या माळा, पितळी मूर्ती, प्लास्टिकची धनुष्यं, चपला सांभाळणारे. वड आहेत, चांगले थोराड आहेत, पण रस्त्याच्या कडेला, पार बांधलेले आणि अंगावर क्रमांकाची पाटी लावलेले. आमच्या भाचीनं ती पाटी वाचून विचारलं होतं, "मामा, झाडाला पण रोल नंबर असतो?"

गुंफा बाहेरून एखाद्या जुन्या घरासारखी दिसते. रांगेत उभं राहायचं, नंबर आला की वाकून आत शिरायचं. वाट इतकी अरुंद आणि बुटकी की मध्ये अक्षरशः बसून सरकत जावं लागतं. एका वेळी एकच माणूस. आत छोट्या जागेत राम, लक्ष्मण आणि सीतेच्या मूर्ती. शेजारच्या कोनाड्याएवढ्या खोलीत महादेवाची पिंड, सीतामाई तिची पूजा करत असे असं सांगतात. हात जोडेपर्यंत मागून "चला, चला" सुरू झालेलं असतं. रांग अर्ध्या तासाची, दर्शन दोन मिनिटांचं.

आत्याला नेलं तेव्हा ती मधल्या टप्प्यात अडकली. अंगानं भारी, त्यात गुडघे दुखरे. मागचे लोक थांबले, पुढचे हात द्यायला लागले, कुणीतरी "आजी, पाय आधी, पाय आधी" म्हणून सूचना करू लागलं. बाहेर आल्यावर तिनं पदर सारखा केला, घाम पुसला आणि म्हणाली, "एवढंच व्हय रे?"

मला तेव्हा जरा लाज वाटली, जसं काही गुंफा मीच खोदली होती.

तरी एक बाजू सांगायला हवी. आमच्या शेजारच्या आजी त्याच वाटेनं सरकत गेल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या. त्यांना गुहेची लांबी-रुंदी बघायचीच नव्हती. खर-दूषणाचं चौदा हजारांचं सैन्य चालून आलं तेव्हा रामानं लक्ष्मणाला सीतेसह गुहेत जायला सांगितलं, ही कथा वाल्मीकींच्या अरण्यकांडातच आहे. ती गुहा हीच, असं मानून जो जातो त्याला अरुंद वाटेची अडचण वाटत नाही, उलट तेवढी वाट पटते. तुम्ही त्या भावनेनं जाणार असाल तर माझा पुढचा सगळा लेख सोडून द्या आणि सरळ जा. जुनं काहीतरी "बघायला" जाणार असाल तर मात्र पुरतं निराश व्हाल. तिथे बघायला फार काही नाहीच. कोरीव काम नाही, शिलालेख नाही, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत तुम्ही बाहेर आलेले असता.

गुडघ्याचं दुखणं, दमा, बंद जागेची भीती यांपैकी काहीही असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. त्यात कमीपणा नाही.

पंचवटीत वेळ वसूल होतो तो काळारामाला

सीतागुंफेपासून चालत चार-पाच मिनिटांवर काळाराम मंदिर आहे, आणि गंमत म्हणजे पाहुण्यांच्या यादीत ते नेहमी दुसऱ्या नंबरवर असतं. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधून घेतलेलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ. आवार ऐसपैस, भोवती उंच तट, समोर खांबांचा स्वतंत्र सभामंडप. गल्लीतला गोंगाट तटाच्या आत आलं की एकदम अर्ध्यावर येतो. सकाळी आठच्या सुमाराला गेलात तर सभामंडपात एखादा म्हातारा पोथी वाचत बसलेला असतो, फरशी पायाला गार लागते आणि तासभर सहज जातो.

याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे उभा केला आणि वर्षानुवर्षं चालवला. दारं काही तेव्हा उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. हे डोक्यात ठेवून त्या दरवाजातून एकदा आत जा आणि एकदा बाहेर या. तोच उंबरा दोन्ही वेळा वेगळा वाटतो. पाहुण्यांना मी हे सांगतो तेव्हा काही जण गप्प होतात, काही जण विषय बदलतात.

तिथून उतरून गंगेवर जायचं. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्याला आधी सांगावं लागतं, नाहीतर गोंधळ होतो. रामकुंड बघून बऱ्याच जणांचा दुसरा हिरमोड होतो: नदी असेल असं वाटतं आणि समोर दिसतात बांधीव कुंडं, काँक्रीट, ओले कपडे, अस्थिविसर्जनाची घाई. मी तिथे कुंडापेक्षा दुतोंड्या मारुती दाखवतो. पात्रात उभा असलेला हा मारुती म्हणजे नाशिकची पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कंबरेला की गळ्याला, यावरून गावात पुराची बातमी पसरते. शेजारी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं, आणि त्यावरची ती प्रसिद्ध घंटा. ती वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांकडून आली असं सांगतात. या दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत, रांग लागत नाही, आणि मुलांच्या लक्षात याच राहतात.

एक सावधगिरी. रिक्षात बसवून "दोन तासांत दहा ठिकाणं" दाखवणारे बरेच भेटतात. एकदा मी स्वतः पाहुण्यांबरोबर अशा फेरीला गेलो, बघू तरी म्हणून. दहा ठिकाणांपैकी चार दुकानं होती. पंचवटीचा गाभा पायी फिरण्याएवढाच आहे, काळारामापासून गंगेपर्यंत उतारावर. बुधवार मात्र टाळा. त्या दिवशी गंगेवर आठवड्याचा बाजार असतो. भाजी घ्यायची असेल तर उत्तम, गाडी लावायची असेल तर देव आठवतो. २०२६-२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत स्नानासाठी येणार नसाल तर पंचवटी पुढच्या खेपेला ठेवा.

पांडवलेणी

आता दुसऱ्या टोकाला. शहरातून मुंबईच्या बाजूला निघालं की पाथर्डी फाट्याजवळ महामार्गाच्या कडेला डोंगर दिसतो, त्याच्या कमरेला काळी रेघ. ती लेणी. शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटर. पायथ्याशी फाळके स्मारक आणि बुद्धस्मारक, वर जायला साधारण दोनशे पायऱ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

इथली निराशा दोन प्रकारची. एक, नावावरून आलेल्यांची. पांडवांचा या लेण्यांशी काहीही संबंध नाही. आपल्याकडे डोंगरात मोठं काही कोरलेलं दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलं, असं म्हणायची पद्धत आहे, त्यातलंच हे. ही बौद्ध लेणी आहेत, चोवीस, आणि डोंगराचं नाव त्रिरश्मी. शिलालेखांत ते "तिरण्हु" असं येतं. दोन, अजिंठा-वेरूळ बघून आलेल्यांची. मेहुणा दमून वर पोचला, तीन लेण्यांत डोकावला आणि म्हणाला, "दाजी, या तर नुसत्या खोल्या आहेत."

खरंय. खोल्याच आहेत. चित्रं नाहीत, कैलासासारखं डोळे फाडून बघावं असं काही नाही. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी राहायचं, त्यासाठी कोरलेले विहार. मधे चौक, भोवती झोपण्याच्या कोठड्या, दगडी ओटे. फक्त खोल्या बघणार असाल तर पंधरा मिनिटांत खाली याल आणि सीतागुंफेतल्या आत्याचंच वाक्य म्हणाल.

पण इथे भिंती बोलतात, आणि बोलतात ते हिशेबाचं. मेहुणा बँकेत आहे, म्हणून त्याला मी दहा नंबरच्या लेण्यात नेलं. व्हरांड्यात वर, छताच्या जवळ ब्राह्मी अक्षरं आहेत. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता भिंतीला समांतर धरला की अक्षरांना सावली पडते आणि ती उठून दिसतात. हे लेणं क्षत्रप नहपान या शक राजाचा जावई उषवदात यानं कोरवून घेतलं. त्यात तो सांगतो की त्यानं तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन या इथल्याच जुन्या नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले आहेत. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दरानं. हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

मेहुण्यानं तिथेच गणित केलं. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस भिक्खू, बरोबर बारा. हिशेब पैशापर्यंत जुळतो. "बारा टक्के," तो म्हणाला, "आणि आमच्याकडे लोक सातला भांडतात." त्यानंतर त्याला खाली न्यायला मला दीड तास लागला.

मग तीन नंबर. हे लेणं बाहेरूनही बघण्यासारखं आहे. व्हरांड्याच्या खाली सहा धिप्पाड बुटके गण कोरलेत, त्यांनी जणू सगळं लेणं खांद्यावर तोललंय. जवळ जाऊन त्यांचे चेहरे बघा. वजन पेलणाऱ्या माणसाचे गाल फुगतात तसे. दरवाजाभोवतीचं तोरण लाकडी कमानीसारखं कोरलेलं, आत मागच्या भिंतीवर उठावात स्तूप.

आणि याच व्हरांड्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेश कोरलाय. राजा युद्धाच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला कळवतोय: उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत या भिक्खूंना दिलं आहे, त्यांना त्याचे हक्क द्या. हे त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी. चोविसाव्या वर्षी पुन्हा आदेश, या वेळी राजमातेसह: पूर्वी दिलेलं शेत कुणी कसत नाही, ते गाव ओसाड पडलंय, तेव्हा आता नगराच्या शिवेवरची सरकारी जमीन द्या, शंभर निवर्तनं. म्हणजे कागदावर जमीन मिळाली, प्रत्यक्षात पडीक निघाली, अर्ज झाला, सहा वर्षांनी बदली जमीन मिळाली आणि तीही निम्मी. तलाठ्याकडे खेपा घातलेल्या कुणालाही हे लेणं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या घरात तीन नंबरला आता "सातबारावालं लेणं" असंच म्हणतात.

नहपान आणि गौतमीपुत्र एकमेकांचे वैरी. दारावरच्या मोठ्या लेखात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी मुलाचं वर्णन करते: क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. याच लढाईचा धातूतला पुरावा जोगलटेंभीला सापडला. नाशिकजवळच्या या गावात १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली आणि त्यातली दोन तृतीयांशांहून अधिक गौतमीपुत्रानं आपले ठसे मारून पुन्हा चालवलेली. नहपानाच्या चेहऱ्यावरच ठसा. पण दहा नंबरच्या लेण्यातला उषवदाताचा लेख कुणी खरवडला नाही. ठेव शत्रूच्या जावयाची असली तरी कपडे भिक्खूंचेच होते.

अठरा नंबरचं चैत्यगृह चुकवू नका. उंच कमान, आत खांबांच्या रांगेपलीकडे स्तूप. एकोणीस नंबर सर्वांत जुन्यांपैकी, सातवाहन राजा कण्ह याच्या काळातलं. त्याच्या लेखात "नासिक" हे गावाचं नाव येतं. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेलं आपल्या गावाचं नाव बघताना अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी. पाहुण्यांच्या येत नाही, ते साहजिक आहे. अकरा नंबरमध्ये नंतरच्या काळातली जैन शिल्पं आहेत. बाकीची लेणी भराभर चालत बघितलीत तरी चालेल.

तोटे: पायऱ्या. पाण्याची बाटली खालूनच घ्यावी लागते. भिंतींवर बदाम आणि बाण काढणाऱ्यांचा उच्छाद. काही कोठड्यांत वटवाघळांचा वास. लेण्यांसमोरच्या पाट्यांवर क्रमांक आहेत, पण शिलालेखात काय लिहिलंय ते समजेल असा मजकूर जवळपास नाही. म्हणजे इथे गृहपाठ केल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, आणि सहलीला गृहपाठ करायला सगळेच तयार नसतात. तुम्ही नसाल तर प्रामाणिकपणे मान्य करा आणि पुढचा पर्याय बघा.

गोंदेश्वर

सिन्नर नाशिकपासून तीसेक किलोमीटर, पुण्याच्या रस्त्यावर. बाराव्या शतकातलं, यादवांच्या काळातलं देऊळ. सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. मधे महादेवाचं मुख्य मंदिर, समोर नंदीमंडप, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची छोटी देवळं, सगळं एका उंच चौथऱ्यावर. पंचायतन म्हणतात ते हेच. शिखर भूमिज पद्धतीचं: खालपासून वरपर्यंत छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा लावाव्यात तसं. दगड पावसानं झिजून काही ठिकाणी साबणासारखा गुळगुळीत झालाय.

इथून मी आजवर एकालाही निराश होऊन निघताना पाहिलेलं नाही. कारण सोपं आहे. कुणी काही ऐकून आलेलंच नसतं.

आत्याची सीतागुंफेतली चिडचिड मनात होती, म्हणून पुण्याला सोडायला जाताना तिला न विचारता गाडी वळवली. फाटक ओलांडून समोर देऊळ दिसल्यावर ती थांबली. "हे कुणी सांगितलंच न्हाई की." मग चौथऱ्यावर, सावलीच्या बाजूला पाय सोडून बसली, डबा उघडला, दोन दशम्या मला दिल्या आणि खांबावरचं नक्षीकाम जेवता जेवता बघत राहिली. गर्दी नव्हती, कुणी "चला, चला" म्हणत नव्हतं. आवारात दुकानं नाहीत, त्यामुळे खाणंपिणं बरोबर हवं. चौथऱ्याला मोजक्याच पायऱ्या आहेत, गुडघ्यांना झेपतात.

उणीव एवढीच की हे "नाशिक बघितलं" यात मोजलं जात नाही. घरी गेल्यावर लोक विचारतात, सीतागुंफा बघितली का? गोंदेश्वर सांगितलं तर, ते कुठं आलं? ज्यांना फोटो दाखवून समजावून सांगायचा कंटाळा आहे त्यांनी याचाही विचार करावा. सिन्नरातच ऐश्वराचं आणखी एक जुनं देऊळ आहे, त्याचं मकरतोरण बघण्यासारखं. अर्धा तास हाताशी असेल तर तेही करा.

मग ठरवायचं कसं

मी आता पाहुण्यांना आधी विचारतो, परत कुठल्या रस्त्यानं जाणार? निम्मा निर्णय त्यातच होतो. मुंबईकडे जाणाऱ्याला पांडवलेणी वाटेवर आहे, गाडी खाली लावून दोन तासांत वर जाऊन येता येतं. पुणे किंवा शिर्डीकडे जाणाऱ्याला सिन्नर वाटेवर आहे, शहरात शिरायचीही गरज नाही. पंचवटीसाठी मात्र मुद्दाम शहराच्या पोटात शिरावं लागतं आणि पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो. नाशिकरोडला रेल्वेनं उतरून दिवसभर इथेच असाल तर मग पंचवटी सोयीची, बस आणि रिक्षा भरपूर.

दुसरा प्रश्न, बरोबर कोण? सत्तरीपुढची माणसं असतील आणि त्यांनी आयुष्यभर रामायण ऐकलं असेल तर लेणी-बिणी विसरा. काळाराम, मग गंगेवर बसून चहा, आणि गुंफा त्यांना सरकून जाता येत असेल तरच. त्यांना गोंदेश्वर दाखवायचं असेल तर परतीच्या वाटेवर, जास्तीचं म्हणून. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर पांडवलेणी: पायऱ्या चढण्यात त्यांची मजा होते आणि सहा गणांचे फुगलेले गाल त्यांना नक्कल करून दाखवता येतात. लहान बाळ असेल तर सिन्नर, कारण तिथे सावलीत बसता येतं.

ऋतूचं म्हणाल तर पावसाळ्यात त्रिरश्मीचा डोंगर हिरवागार होतो, वरून शहर ढगात बुडालेलं दिसतं, पण पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात लेणी उत्तरेकडच्या अंगाला असल्यानं आत बऱ्यापैकी गार असतं, चढण मात्र नऊच्या आत संपवा. गोंदेश्वराचा चौथरा एप्रिल-मेच्या दुपारी तव्यासारखा तापतो आणि देवळाच्या आवारात चप्पल घालता येत नाही. हे मी पाय भाजून शिकलोय.

मला एकच निवडायला सांगितलं तर पांडवलेणी, आणि त्यातही फक्त तीन, दहा आणि अठरा नंबर, सकाळी. दोन करता येणार असतील तर सकाळी लेणी आणि दुपारी मिसळ खाऊन काळाराम. मिसळीत नाशकात निराशा होत नाही, तिथे तुलनात्मक आढाव्याची गरज नाही. तिन्ही ठिकाणं अर्ध्या दिवसात करायचा हट्ट मात्र करू नका. एका पाहुण्यांनी केला होता. तिन्ही ठिकाणचे फोटो आहेत त्यांच्याकडे, आणि तिन्ही फोटोंत ते घड्याळाकडे बघतायत.

गेल्या आठवड्यात आत्याचा पुन्हा फोन आला. भजनी मंडळाच्या बारा जणी घेऊन येतेय म्हणाली, त्र्यंबक, शिर्डी आणि मधे अर्धा दिवस.

"सीतागुंफा?" मी घाबरत विचारलं.

"त्या जातील की. आडवणारी मी कोण? मी बाहेर वडाखाली बसून चपला राखते." मग जरा थांबून, "आणि ते पायऱ्यांचं ठिकाण कुठलं रे? तुझा मेहुणा सांगत होता, व्याजाचं काय ते. दोनशे पायऱ्या म्हणजे आमच्या जोतिबापरीस कमीच की."

"दहा नंबर," मी म्हणालो. "येताना टॉर्च आण."